दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंचे नवे टायर

मी, खाली सही करणार, वय ६१ वर्षे, व्यवसाय: महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेची प्रमुख, आता निवृत्त, राहणार बागेसमोरची चार मजली इमारत, तिसरा मजला, डावीकडचे घर, आज गुरुवारी सकाळी साडेअकरा वाजता कोणीही न बोलावता ठाण्यात आले असून समक्ष सांगते ते असे:

वरील पत्त्यावर मी व माझे पती असे दोघेच राहतो. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात असते. पती बस आगारात टायर विभागाचे फोरमन होते. एकतीस वर्षे नोकरी केली. टायर या विषयात त्यांचा शब्द खाली पडत नाही. माझ्याकडे एक जुनी छोटी गाडी आहे, ती मी चालवते. पती हल्ली चालवत नाहीत, कारण त्यांचा उजवा गुडघा दुखतो.

आमच्या खाली दुसऱ्या मजल्यावर एक फिजिओथेरपिस्ट बाई एकट्या राहतात. वय अंदाजे ४४. इमारतीत सगळे त्यांना डॉक्टरबाई म्हणतात. त्या रोज दगडखाणीवरच्या दवाखान्यात जातात. अंतर अडतीस किलोमीटर. त्यांची लहान एसयूव्ही आहे. माझ्या पतींना त्या पूर्वी 'काका' म्हणत. दोन महिन्यांपासून 'सर' म्हणतात. तारीख विचारल्यावरून सांगते की तारीख लिहून ठेवलेली नाही, पण तो सोमवार होता आणि मी जिन्यात होते.

त्याच सुमारास डॉक्टरबाईंच्या गाडीचा टायर खाणीच्या रस्त्यावर दोनदा फाटला. त्यांनी पतींना सल्ला विचारला. दुकानदार म्हणत होता, मोठ्यात मोठे, खडबडीत ऑल-टेरेन टायर घाला, गाडी वाघासारखी दिसेल. पती म्हणाले, "वाघ डांबरावर चालवायचा आहे का? तुमचा रस्ता बत्तीस किलोमीटर डांबर आणि सहा किलोमीटर खडी. सहासाठी बत्तीसचा खून करायचा नाही. फार खडबडीत घेतलात तर डांबरावर घोंघावेल, पेट्रोल जास्त पिईल आणि पावसात ब्रेक लांब लागेल. मऊ डांबरी टायर घेतलात तर खडी त्याचे कान फाडेल. मधला बघू. टायर म्हणजे चप्पल. रस्ता बघून घ्यायची, दुकानाची काच बघून नाही."

त्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "सर, तुम्ही नसता तर त्या दुकानदाराने माझ्या गळ्यात काहीही मारलं असतं." पती हसले. हे संभाषण आमच्याच दारात झाले. मी आत डाळ निवडत होते. पतींचा तो आवाज मी आगार सुटल्यापासून ऐकला नव्हता.

टायर निवडायला तीन आठवडे लागले. पती तीन दुकाने फिरले. एका ठिकाणी आलेला पूर्ण संच त्यांनी परत पाठवला, कारण टायरच्या बाजूला जे चार आकडे असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवतात, आणि तो संच चौदा महिने गोदामात पडून होता. मूळ मापापेक्षा मोठा टायर घेऊ दिला नाही, कारण लहान गाडीत चाक पूर्ण वळवले की तो आतून घासतो. या सगळ्याचा त्यांनी आगारातल्या जुन्या वहीत तक्ता केला. त्या वहीत पूर्वी माझ्या गाडीच्या हवेची दर रविवारची नोंद असे. शेवटची नोंद चार वर्षांपूर्वीची आहे. त्यानंतरचे पान डॉक्टरबाईंचे आहे.

हवालदारबाईंनी या ठिकाणी मला मुद्द्यावर यायला सांगितले. मी सांगितले की मी मुद्द्यावरच आहे.

गेल्या शनिवारी टायर बसले. रविवारी सकाळी डॉक्टरबाई व पती गाडी तपासायला खाणीच्या रस्त्यावर गेले. निघताना पती म्हणाले, तासाभरात येतो. दोन तास चाळीस मिनिटांनी आले. पँट गुडघ्यांपर्यंत पांढऱ्या धुळीने माखली होती. ती मी धुतली. आल्यावर ते पार्किंगमध्ये प्रत्येक चाकाजवळ उकिडवे बसून हवा मोजत होते. मी गॅलरीतून पाहिले. घरात ते खुर्चीवर बसल्याशिवाय मोजे घालू शकत नाहीत. जेवताना मी विचारले, "गुडघा बरा दिसतो." ते म्हणाले, "डॉक्टरबाईंनी दोन व्यायाम दिलेत. फरक आहे हां." ते दोन्ही व्यायाम मी त्यांना चार वर्षे सांगत होते.

त्याच संध्याकाळी मी खाली जाऊन माझ्या गाडीच्या टायरवरचे चार आकडे वाचले. चारही टायर सात वर्षांपूर्वीचे आहेत. सहा वर्षे झाली की टायर उतरवायचा, खाचा कितीही शिल्लक असोत, हा माझ्या पतींचा नियम आहे. आगारात या नियमासाठी त्यांनी वरिष्ठांशी भांडणे केली आहेत.

मंगळवारी सकाळी चहाच्या वेळी मी म्हटले, "अहो, माझ्या गाडीचेही टायर बघायला झालेत." ते वहीत काही लिहीत होते. वर न बघता म्हणाले, "तुझी गाडी जाते कुठे गं? भाजी आणि बँक. चालतील अजून." मी वही पाहिली. डॉक्टरबाईंनी पहिले पाचशे किलोमीटर कोणत्या वेगाने जावे, ते लिहीत होते.

आता पहारेकऱ्याविषयी. इमारतीत त्यांना सगळे मामा म्हणतात. वय पन्नाशीच्या पुढे. पत्नीसह गेटजवळच्या खोलीत राहतात. अकरा वर्षांत त्यांच्याबद्दल तक्रार ऐकलेली नाही. सोमवारी डॉक्टरबाईंनी गाडी पाण्याच्या पंपासमोर लावली होती, त्यावरून दोघांची बोलाचाली झाली. मामा म्हणाले, "मॅडम, टायर नवीन आले म्हणून जागा रुंद होत नाही. पुन्हा इथं लावलीत तर हवा सोडून ठेवीन." चार लोक होते, सगळे हसले. मामाही हसले. मी गॅलरीत होते.

बुधवारी, म्हणजे काल, डॉक्टरबाईंचा अर्धा दिवस असतो. त्या दीड वाजता आल्या व गाडी पुन्हा पंपासमोर लावून वर गेल्या. दोन वाजून वीस मिनिटांनी मामा जेवायला खोलीत गेले. पती झोपले होते. मी त्यांच्या हत्यारांच्या खणातून व्हॉल्व्हची पिन काढायची छोटी चावी घेतली. ती वापरायला त्यांनीच मला शिकवले होते, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, स्कूटरवर. मी खाली जाऊन चारही चाकांच्या टोप्या काढल्या, पिना काढल्या व हवा जाऊ दिली. आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा होता, पण पंप चालू होता. नंतर टोप्या पुन्हा लावल्या. पिना औषधाच्या रिकाम्या डबीत, वेगवेगळ्या कागदात गुंडाळून, प्रत्येकीवर कोणत्या चाकाची ते लिहून ठेवल्या. असे का केले, या प्रश्नाचे उत्तर: प्रयोगशाळेत छत्तीस वर्षे चिठ्ठी न लावता मी काही ठेवलेले नाही. एकूण बारा मिनिटे लागली. चावी जागेवर ठेवली व चहा टाकला. चार वाजता पती उठले. आम्ही दोघांनी चहा घेतला.

टायर कापण्याचा माझा विचार नव्हता. ते चांगले टायर आहेत.

मामांचे सोमवारचे वाक्य बुधवारी माझ्या लक्षात होते का, असे मला विचारण्यात आले. लक्षात होते. संशय त्यांच्यावर जाईल असे वाटले होते का, असेही विचारण्यात आले. त्या वेळी मी त्याचा विचार टाळला. टाळला याचा अर्थ तो आला होता.

आज सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी डॉक्टरबाई खाली गेल्या व गाडी रिमवर बसलेली पाहिली. त्यांनी आरडाओरडा केला नाही. त्या पार्किंगमध्ये फोनवर बोलत होत्या ते मला वर ऐकू आले. खाणीवर चौदा माणसे बाकावर बसून होती. त्यांत एका कामगाराच्या हाताचे प्लास्टर काल निघाले होते व आज पहिल्यांदा त्याची बोटे हलवून घ्यायची होती. ही चौदा माणसे माझ्या हिशेबात नव्हती. मी फक्त एक गाडी व एक बाई धरली होती.

साडेआठला तक्रार झाली. दहा वाजता दोन शिपाई येऊन मामांना घेऊन गेले. इमारतीच्या अध्यक्षांनी मामांच्या पत्नीला संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करा असे सर्वांसमोर सांगितले. तिने दोरीवरचे कपडे काढायला सुरुवात केली. कपडे ओले होते.

दहा चाळीसला पती खालून वर आले. त्यांनी खण उघडला, चावी काढली व माझ्यासमोर टेबलावर ठेवली. आमच्यात झालेले बोलणे जसे आठवते तसे सांगते.

पती: "मामाला नेलंय."

मी: "पाहिलं मी."

पती: "टोप्या परत लावल्यात. चारही. घट्ट करून पाव फेरा मागे."

घट्ट करून पाव फेरा मागे, ही त्यांच्या आगाराची पद्धत आहे.

पती: "मामाला आयुष्यात हे कोणी शिकवलेलं नाही. मी दोघांनाच शिकवलं. एक माझा मदतनीस होता, तो वारला."

मी म्हटले, "मग जा आणि सांगा."

ते म्हणाले, "मीच सोडली म्हणून सांगतो. नवीन टायर, तपासत होतो, पिना काढल्या आणि विसरलो. म्हातारा माणूस आहे म्हणतील, सोडून देतील."

मी विचारले, "कोणासाठी सांगाल?"

ते म्हणाले, "मामासाठी. त्याची बायको सामान बांधतेय."

मी वाट पाहिली. त्यांनी आणखी कोणाचे नाव घेतले नाही. डॉक्टरबाईंचेही नाही, हे नमूद करावे. माझेही नाही.

मी चपला घातल्या. पतींनी एकतीस वर्षांत एकाही खोट्या अहवालावर सही केलेली नाही. मी केलेल्या कामासाठी त्यांनी ती आता करू नये. शिवाय ते काम माझे आहे, ते दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये. जिना उतरताना मामांच्या पत्नीला मी सांगितले की कपडे पुन्हा वाळत घाल. मी कारण सांगितले. तिने कपडे उचलले, पण मला वाट देण्यासाठी जेवढे सरकायला हवे होते त्यापेक्षा जास्त सरकली.

मी ठाण्यात चालत आले. मामा बाहेरच्या बाकावर बसले होते. मला पाहून उठून उभे राहिले व म्हणाले, "बाई, तुम्ही माझ्यासाठी आलात?" मी त्यांना खाली बसायला सांगितले. हा जबाब त्यांना वाचून दाखवावा, अशी माझी विनंती आहे. मला ते तोंडाने जमणार नाही.

चार पिना चिठ्ठ्यांसह डबीत आणल्या आहेत, त्या हजर करते. त्यांची नोंद व्हावी.

जबाब चालू असताना, बारा वाजून दहा मिनिटांनी, हवालदारबाई बाहेर जाऊन आल्या व म्हणाल्या की माझे पती पायाने दाबायचा हवेचा पंप घेऊन आले आहेत व पिना मागत आहेत, कारण डॉक्टरबाईंना एक वाजता निघायचे आहे. पिना देण्यास माझी हरकत नाही. ठाण्याने द्याव्यात, माझ्या हातून नको. पती माझ्याबद्दल काही म्हणाले का, असे मी विचारले. हवालदारबाई म्हणाल्या, "बाई, हे कशाला लिहायचं?" मी लिहायला सांगितले. त्यांनी सांगितलेले उत्तर: "ते म्हणाले, ती चालत आली असणार, कारण तिच्या गाडीच्या मागच्या उजव्या चाकात हवा नाही."

त्या चाकात तीन आठवड्यांपासून हवा कमी आहे. मी घरात कोणालाही सांगितले नव्हते.

यापुढे मला काही विचारायचे असल्यास मी घरीच आहे. पहारेकरी मामांना आताच सोडावे व तसे अध्यक्षांना ठाण्यातून फोन करून कळवावे. डॉक्टरबाईंची माफी मी स्वतः मागेन, त्याची तारीख ठरलेली नाही.

जबाब हवालदारबाईंनी मोठ्याने वाचला, नंतर मी चष्मा लावून स्वतः वाचला. मी सांगितले तेच व तेवढेच यात आहे. मागच्या उजव्या चाकाची दोन वाक्ये गुन्ह्याशी संबंधित नाहीत, खोडू का, असे त्यांनी विचारले. खोडू नयेत, असे सांगून खाली सही करते.