सतरंजी ठरलेला पट्टा

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपले व्यवस्थापक श्री. दिलीप राजाध्यक्ष, सत्कारमूर्ती श्री. अरविंद टिपणीस, व्यासपीठावरील कामगार प्रतिनिधी श्री. गोटीराम पाटील, पहिल्या रांगेत बसलेल्या स्मितावहिनी, आणि तुर्भ्याच्या या उकाड्यात पंखे पाहुण्यांकडे वळवून स्वतः घाम पुसत बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मला थोडक्यात बोलायला सांगितलं आहे. नन्सच्या शाळेत शिकलेल्या बाईला मराठीत भाषण करायला लावलं की ती आपोआप आटोपतं घेईल, असा विचार त्यामागे असावा. पण माझी सगळी नोकरी टिपणीस साहेबांची पत्रं इंग्रजीत टाइप करण्यात गेली. त्यांच्याबद्दल मराठीत बोलायची संधी आजच मिळते आहे. ती मी इतक्या सहज सोडणार नाही.

टिपणीस साहेब आपल्या आयात खात्याचे प्रमुख. परदेशातून आलेली वस्तू म्हणजे नक्की काय, हे कस्टमला पटवणं त्यांचं काम. कस्टमच्या दरपुस्तकात जगातल्या प्रत्येक वस्तूला एक प्रकरण नेमून दिलेलं असतं, आणि प्रकरण बदललं की वस्तूचं नशीब बदलतं. ही सवय साहेबांच्या हाडात भिनली. कॅन्टीनमध्ये साबुदाणावडा समोर आला की ते आधी विचारणार, "हा उपवासाचा धरायचा की तळणीचा?" निकाल लागेपर्यंत वडा गार. वहिनी, घरी काय होत असेल याची आम्हाला कल्पना आहे.

गोष्ट एकोणऐंशी सालची. आपल्या ड्रायरमध्ये, म्हणजे रंगवलेलं कापड वाळवणाऱ्या यंत्रात, ओलं कापड अंगावर घेऊन फिरणारा एक पट्टा असतो. घोंगडीसारखा जाड, खोलीएवढा रुंद. जुना फाटला, तोवर नवा जर्मनीहून येऊन गोदीत उतरला होता. म्हणून जुना भंगारात काढला, आणि आपल्या रिवाजाप्रमाणे फिनिशिंग खात्यातल्या बायकांनी त्याचे तुकडे करून घरोघर नेले.

मग कस्टमचे साहेब म्हणाले, "हा विणलेला आहे, म्हणजे कापड." असं कापड आणायला तेव्हा मनाई. यंत्राचा भाग ठरला असता तर लगेच सुटला असता. शाळेत नन्सनी आम्हाला स्वर्ग, नरक आणि त्यांच्या मधली एक ताटकळण्याची जागा शिकवली होती. ती जागा गोदीत आहे, हे मला तेव्हा कळलं.

ड्रायर बंद. फिनिशिंगच्या बायकांना सांगितलं गेलं, महिनाअखेर पट्टा सुटला नाही तर घरी बसा. त्यांत शेजारच्या शिरवणे गावच्या जाईबाई होत्या. शेत नव्या शहराच्या प्लॉटांत गेलेलं, नवरा वारलेला. ड्रायर हेच त्यांचं शेत.

टिपणीस साहेबांच्या मिनतवाऱ्यांनी कस्टमचे साहेब यंत्र बघायला तुर्भ्याला आले. आता आपल्याकडे पाहुणा आला की काय करतात? जाईबाईंनी घरून धुतलेली, लाल काठ शिवलेली बैठक आणून ड्रायरसमोर अंथरली.

"बसा साहेब. पावन्याला उबा ठेवाची आमची रीत नाय."

साहेब बूट काढून बसले. चहा आला. त्यांनी बैठकीवरून हात फिरवला. "मऊ आहे हो. कसली?"

"तोच पट्टा, साहेब. जुना," जाईबाई कौतुकानं म्हणाल्या. "आमच्या घराघरान हाय."

साहेबांना इतकं हसू आलं की चहा बैठकीवर सांडला. "टिपणीस, कापड म्हणालो ते चुकलंच माझं. ही तर सतरंजी. खरं सांगा, गोदीतला माल हाच ना?"

आम्ही सगळे मनात म्हणत होतो, साहेब, एकदा तरी नाही म्हणा.

"हाच," टिपणीस साहेब म्हणाले.

पाहुणे गेल्यावर जाईबाईंनी विचारलं, "साहेब, माज्यान काय वंगाल झाला का?"

"पाहुण्याला बसायला दिलंत. त्यात वाईट काय?"

दुसऱ्या दिवशी आयात खात्याचे प्रमुख शिरवण्यात दारोदार सतरंज्या मागत फिरले. एक न्हाणीच्या दाराला पडदा होती, एकीवर पापड वाळत होते. पापडांच्या मालकिणीनं म्हणे विचारलं, "कंपनी बुरली का काय?" गोटीराम, तुम्ही त्या सगळ्या तुकड्यांना क्लिपा मारून पुन्हा अखंड पट्टा केलात, आणि तो ठिगळांचा पट्टा लंगडत का होईना, फिरायला लागला. मग टिपणीस साहेबांनी मला कस्टमच्या साहेबांसाठी पत्र सांगितलं. एकाच ओळीचं: आपली सतरंजी पाहायला यावं.

कस्टमचे साहेब आले. ड्रायरपाशी उभे राहिले. ओल्या कापडाखालून लाल काठाचा एक तुकडा भट्टीत शिरला, खालून फिरून पुन्हा समोर आला. त्यावर तांबूस डाग.

"हा डाग माझा का?"

"आपलाच."

साहेबांनी त्याच्या आणखी काही फेऱ्या पाहिल्या. "मग याला घालू कुठल्या प्रकरणात?"

"आपण बसला होतात तेव्हा ती सतरंजी होती, मला नाही म्हणता आलं नाही. पण गोदीतला पट्टा बसायला आलेला नाही, साहेब. तो ज्या कामाला आलाय, ते आपल्यासमोर चाललंय."

कस्टमचे साहेब म्हणाले, "चहा मागवा, टिपणीस. या वेळी उभ्यानं घेतो."

नवा पट्टा महिनाअखेरीच्या आत सुटला, यंत्राचा भाग म्हणून. फिनिशिंगची एकही बाई घरी बसली नाही. ठिगळांच्या पट्ट्याच्या क्लिपा काढल्या, तुकडे आपापल्या घरी गेले. डागाचा तुकडा जाईबाईंनी आजवर कुणाला धुऊ दिलेला नाही. सकाळी त्याला नवा लाल काठ शिवून त्यांनी तो इथे आणला. टिपणीस साहेब, मघापासून तुमचे पाय त्यावरच आहेत. "राहू द्या," जाईबाई मला म्हणाल्या, "आता पावने ते हायेत."

उठताना तो सोबत न्यायचा आहे. घरी कुठे अंथरायचा ते वहिनींनी ठरवावं. साहेबांना विचारलंत तर तो दारातच राहील.

माझं इतका वेळ ऐकून घेतलंत, आपली सर्वांची मनापासून ऋणी आहे. माझ्या मराठीत काही उणंअधिक राहिलं असेल, तर ते आपल्याला सोईचं वाटेल त्या प्रकरणात घाला, आणि मला सोडून द्या.