चिरोट्याचं बिऱ्हाड

म्हणा, मोठ्यानं म्हणा! नाव देवाचं आहे, घ्यायला लाज कसली? हां, असं! आता बाळकृष्णबुवा, पेटी जरा खाली घ्या. मला मंडळींना एक प्रश्न विचारायचाय, आणि तो सुरात विचारला तर झोंबत नाही.

प्रश्न असा — एखाद्याला एखाद्या गोष्टीची सवय झाली, म्हणजे तो सुखी झाला का?

बघा! पुढच्या ओळीतल्या काकांनी लगेच मान हलवली. होकाराची का नकाराची, ते त्यांनाही ठाऊक नाही! राहू द्या काका, घाई नाही. आधी गोष्ट ऐका.

मंडळी, ही गोष्ट राजाची नाही. ऋषींची नाही. ही गोष्ट आहे हॅमस्टरची! — हसा, हसून घ्या. तिकडे खांबापाशी मावशी विचारतायत, काय स्टर? हॅमस्टर, मावशी! उंदराचा परदेशी पाव्हणा. शेपूट नावापुरतं, गाल मात्र हे एवढे! त्या गालांत दाणे कोंबतो आणि बिळात नेऊन ठेवतो. आपल्याकडे पंगतीत काही जण रुमालात लाडू बांधून नेतात ना — नावं घेत नाही मी! — तसाच.

तर चाळीसगावात भास्करराव खैरनार म्हणून एक गृहस्थ. पाटबंधारे खात्यात नोकरी, माणूस सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बायको सुमित्राताई. मुलगी एकच, केतकी, सहावीत. केतकीनं हट्ट धरला, मला हॅमस्टर हवा. वडील नाशिकला कामाला गेले होते, तिथून घेऊन आले. सोनेरी-तपकिरी, गुबगुबीत, दिवाळीच्या ताटातून पळून आल्यासारखा. केतकीनं नाव ठेवलं, चिरोटा!

आता ऐका, चूक कुठे झाली ती. दुकानदारानं विचारलं, "साहेब, पिंजरा केवढा देऊ?" भास्करराव काय म्हणाले असतील?

"फ्रिजवर मावेल एवढा द्या!"

"साहेब, मोठा घ्या. बरा पडतो याला."

"मोठा कशाला? एवढासा तर जीव!"

अहो, शर्ट घ्यायचा तर छाती मोजता. चपलेला पाय मोजता. ब्लाउज शिवायचा तर शिंपी दोन-दोनदा टेप लावतो. आणि या जिवाच्या घराला माप कुणाचं घेतलं? फ्रिजचं! त्याला काय लागतं ते कुणी पाहिलंच नाही. आमच्याकडे काय उरलंय, ते पाहिलं.

पिंजरा दिसायला मात्र असा देखणा! गुलाबी रंगाचा, तीन मजली, वरून खाली घसरगुंडी, आणि वाटीएवढं एक चाक, पळायला. शेजारीपाजारी बघून गेले. "काय गोड!" म्हणाले. चिरोट्याला कोण विचारतंय? तो दिवसभर झोपायचा, दिवेलागणीला उठायचा, आणि उठला की गज चावायचा. कर्रर्र... कर्रर्र... कर्रर्र...

केतकी म्हणाली, "बाबा, हा असं का करतो?"

"दात घासतोय तो!"

घ्या! म्हणजे आपल्याला घासायचा कंटाळा, आणि हॅमस्टर मात्र संध्याकाळभर दात घासतोय! त्या चाकात पळायचा, तर पाठीची कमान व्हायची, मान वर ओढली जायची. थोडं पळायचा आणि उतरायचा. पुन्हा गज. असं करता करता नाकावरचे केस गेले, नाक सोललं, रक्ताचा ठिपका दिसायला लागला. केतकी रडकुंडीला आली.

भास्करराव म्हणाले, "नवीन आहे अजून. होईल सवय."

आणि मंडळी, झाली! एका संध्याकाळी आवाज आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चिरोटा कोपऱ्यात, अंगाचा गोळा करून बसलेला. भास्कररावांनी शेजारच्यांना हाक मारली, "या, बघा, किती शहाणा झाला! मी म्हटलं नव्हतं?"

पण केतकी घास पुढे करायची, सूर्यफुलाच्या बिया, काकडीचा तुकडा — तो हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. गाल रिकामे. पोरीला ती शांतता सहन होईना. शाळा सुटल्यावर पिंजरा ओढणीत गुंडाळला आणि थेट गेली जनावरांच्या दवाखान्यात. तिथे रांगेत कोण? एक म्हैस, दोन शेळ्या, आणि मागे ही केतकी! म्हशीवाला म्हणतो, "पोरी, दूध देतो का गं हा?"

डॉक्टरीणबाई भल्या होत्या. चिरोट्याला तळहातावर घेतलं, दात पाहिले, पोट दाबून पाहिलं. म्हणाल्या, "रोग काही नाही. हा राहतो कुठे? यातच?"

"हो. तीन मजली आहे."

"मजले माणसांना लागतात गं. याला जमीन लागते. हा चढणारा प्राणी नाही, हा धावणारा आहे. रात्रीतून कोसच्या कोस धावतो आणि उकरून बीळ करतो. इथे काय उकरेल? प्लास्टिक?" बाईंनी टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं, उघडून अंथरलं आणि शेजारी आणखी अर्धं पान जोडलं. "ही एवढी सपाट जागा, यापेक्षा कमी नाही. खाली वीतभर जाडीचा थर, कागदाच्या कपट्यांचा, सुक्या गवताचा. आणि चाक जेवणाच्या ताटाएवढं, म्हणजे पाठ सरळ राहील."

"मग मावला तर आणखी एक आणू? जोडीला?"

"मुळीच नाही! हे एकेकटेच राहतात. जोडी केलीस तर एकमेकांना फाडतील."

बघा, पुरुषमंडळी कशी चमकली! हा निसर्ग हॅमस्टरचा आहे हो, तुमचा नाही. नीट बसा.

केतकीनं भीत भीत विचारलं, "नाही बदललं, तर?"

डॉक्टरीणबाईंनी खोटं सांगितलं नाही. म्हणाल्या, "खात नाहीये बाळा तो. असंच चाललं तर जाईल."

मंडळी, दुसरं पोर असतं तर घरी येऊन भोकाड पसरलं असतं. ही रडली नाही! घरी आली, गव्हाच्या पिठाची खळ केली, वर्तमानपत्राला अर्धं पान चिकटवलं, आणि तो कागद हातात धरून घरभर हिंडायला लागली. कॉटखाली अंथरला — तिथे धान्याच्या कोठ्या, वारा नाही. गॅलरीत अंथरला — दुपारचं ऊन थेट. ओट्याजवळ अंथरला — गॅसची धग. कागद उचलायचा, पुढे जायचं. उचलायचा, पुढे जायचं! आणि शेवटी ती आली दिवाणखान्यातल्या शोकेसपुढे.

हं! आता बायका सावरून बसल्या. शोकेस म्हटल्यावर कळलं ना?

ती शोकेस भास्कररावांनी सुताराकडून करून घेतलेली. खालचा कप्पा चांगला लांबरुंद, खोल, जुना डबा टीव्ही मावावा म्हणून. टीव्ही झाला पातळ, गेला भिंतीवर. कप्प्यात आला सुमित्राताईंच्या माहेरचा डिनर सेट. काचेच्या ताटल्या, निळ्या फुलांच्या! लग्नात आला तो आजपर्यंत त्यात कुणी घासभर जेवलेलं नाही. का? पाहुणे आले की काढायचा. पाहुणे आले, स्टीलच्या ताटात जेवले, गेले. डिनर सेट आपला काचेमागे. ऐसपैस! तुमच्या घरी आहे का असा? सांगू नका, चेहरे सांगतायत.

केतकीनं काचेवर कागद लावून पाहिला. लांबी बरोबर. बाजूनं खोली पाहिली. बरोबर!

"आई, ही जागा मला दे."

"त्याला हात लावायचा नाही!" सुमित्राताई कडाडल्या. "माझ्या आईची आठवण आहे ती. उंदरासाठी काढू?"

"तो मरेल, आई."

"मग परत देऊन टाका दुकानात!"

"तिथे तर याहून लहान पेटीत ठेवतात." केतकी शोकेससमोर मांडी घालून बसली. "मी इथून उठणार नाही. तू हो म्हणेपर्यंत नाही."

तेवढ्यात भास्करराव आले. सगळं ऐकलं. घरातला वाद त्यांना नकोच असतो. हसत हसत, अगदी गोडीनं म्हणाले — आणि हे वाक्य नीट ऐका हं मंडळी — "केतू, हट्ट पुरे. घरात जागा नाही म्हणजे नाही. आणि सवय होते गं सगळ्यांना! तुझ्या आईलाच बघ. लग्नात शिलाई मशीन घेऊन आली होती. ठेवायला जागा होती का? नव्हती. दिलं काढून. आठ-पंधरा दिवस रुसून बसली, मग झाली की सवय! आता काही म्हणते का?"

बुवा, थांबवा पेटी.

सुमित्राताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात पळी. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. मग पिंजऱ्यात पाहिलं, तो सोललेल्या नाकाचा जीव कोपऱ्यात गप्प बसलेला. मग आत गेल्या, गॅस बंद केला, कमरेची किल्ली काढली आणि शोकेस उघडली. एकेक ताटली बाहेर काढायला लागल्या.

"अगं, काय चाललंय? कोण येणार आहे आज?"

"कुणी नाही. आपणच जेवणार आहोत."

"यात?"

"यात." ताटली पदरानं पुसत त्या म्हणाल्या, "अहो, एक सांगू? मला सवय नव्हती झाली. मी सांगायचं सोडून दिलं होतं."

वाईट माणूस नव्हता हो भास्करराव. बायकोला कधी टाकून बोलला नाही. फक्त विचारलं नाही कधी. गज चावायचे थांबले, म्हणजे सगळं छान, असं समजून चालला. त्या संध्याकाळी खैरनारांकडे निळ्या फुलांच्या ताटल्यांत शेवभाजी आणि भाकरी वाढली गेली, आणि भास्करराव घासाघासाला पाणी पिऊ लागले. भाजी तिखट होती म्हणून नव्हे!

जेवण झालं तसे उठले आणि स्वतः सुताराला बोलावून आणलं. वरची अर्धी काच काढली, तिथे जाळी ठोकली, वारा खेळायला हवा ना! खालची अर्धी ठेवली, कपटे सांडू नयेत म्हणून. सगळ्यांनी मिळून जुन्या कागदांचे कपटे केले, सुकं गवत आणलं, वीतभर थर दिला. ताटाएवढं चाक आणलं. आणि चिरोट्याला सोडलं.

तो गेला आत आणि नाहीसाच झाला! थराच्या खाली कुठेतरी. केतकीनं बिया ठेवल्या. सकाळी बिया तशाच. दुसऱ्या सकाळी तशाच. पोरीचं तोंड उतरलं. "आई, उशीर तर नाही ना झाला?" आईनं जवळ घेतलं. म्हणाली, "आपलं काम आपण केलंय. आता वाट बघायची."

तिसऱ्या सकाळी बिया गायब! आणि त्या दिवशी दिवेलागणीला, देवापुढे निरांजन लावताना आवाज आला. कर्रर्र नव्हे हो! सर्रर्र... सर्रर्र... चाकाचा! तिघं धावली. चिरोटा पळत होता, पाठ सरळ, गाल फुगलेले, मिशा थरथरतायत! केतकी नाचायला लागली. सुमित्राताई हसता हसता रडायला लागल्या. रडू द्या त्यांना. पुष्कळ दिवसांचं होतं.

संपली गोष्ट? छे! दुसऱ्या सकाळी भास्करराव खिडकीपाशी, उजेडात, आपल्या आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. सुमित्राताई आल्या आणि त्यांच्या हातातून पेपर काढून घेतला.

"अगं, वाचतोय मी!"

"वाचाल नंतर." त्यांनी पेपर खुर्चीच्या पायाशी, जमिनीवर अंथरला. कडा हातानं सारख्या केल्या. चार पावलं मागे जाऊन पाहिलं. "नवं शिलाई मशीन एवढ्यात मावेल. उजेडही आहे इथे. जरा उठता का?"

भास्करराव उठले. खुर्ची स्वतः उचलली आणि शोकेसजवळ नेऊन ठेवली.

काका, आता हलवा मान! आता समजून हलवाल.

मंडळी, चिरोटा निदान गज तरी चावत होता. माणूस तेवढंही करत नाही. आपल्या घरात कुणीतरी पूर्वी काही मागायचं, आता मागत नाही. आपण चारचौघांत कौतुकानं सांगतो, समजूतदार झाली हो आमची सून! म्हातारे शांत झाले आता! पोरगा सुधारला! अरे, विचारलंस का एकदा तरी? त्याला काय लागतं ते मोजलंस, का तुझ्याकडे उरलेल्या जागेत त्याला बसवलंस?

आत्ता, या क्षणी, तुमच्या मनात एक नाव आलंय. खोटं नका बोलू, देवाच्या दारात बसलाय. ते नाव धरून ठेवा. उद्या सकाळी पेपर दारात पडला की वाचायच्या आधी अंथरा, आणि त्या माणसाला हाक मारून विचारा, तुला केवढी जागा लागते गं? केवढी लागते रे? आणि जिथे सांगेल, तिथून आपली खुर्ची आपण उचला.

बुवा, धरा सूर. मंडळी, एकदा देवाचं नाव घ्या, एकदा मनातलं ते नाव घ्या, आणि उठा!