न घातलेली अंडी

मावशी : हात नका लावू माझ्या पिशवीला! काल फाटकाशी चारचौघांत उलटी करून दाखवलीत ना? आज डॉक्टरांपुढे पुन्हा झडती घ्यायचीय?

मालकीण : मग अंडी गेली कुठे? बाराशे कोंबड्या, आणि निम्म्या टोपल्या रिकाम्या. शेडची किल्ली तुझ्याकडे. मी संशय घेऊ कुणावर?

मावशी : माझ्यावरच! रोज पाचशे अंडी पदरात बांधून नेते ना मी! वाटेत पाय घसरला तर अख्ख्या रस्त्याचं ऑम्लेट होईल. आणि एवढी खाल्ली असती, तर एव्हाना डोक्यावर तुरा फुटला असता मला!

डॉक्टर : भांडण थांबवा, इकडे या दोघी. सकाळी मेलेली कोंबडी चिरलीय. हे तिचं आतडं. आतून कसं दिसतंय?

मावशी : जुन्या टॉवेलासारखं. खरखरीत.

डॉक्टर : निरोगी असतं तर मखमलीसारखं लागलं असतं. एक जिवाणू असतो, एरवी आतड्यात गपगुमान पडून राहतो. खाद्यातली न पचलेली मासळी मिळाली की माजतो आणि विष सोडतो. ते विष अस्तराला भोकं पाडतं, पेशींमधले सांधे उसवतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही, वर आतली घाण रक्तात उतरते. कोंबडीनं जीव वाचवायचा की अंडं घालायचं?

मालकीण : म्हणजे अंडी...

डॉक्टर : चोरीला गेलीच नाहीत. घातलीच नाहीत कुणी. खाद्यात काही बदल केलात?

मालकीण : थोडासा. अंडी जरा कमी वाटली, म्हणून मासळीचा चुरा वाढवला.

मावशी : थोडासा? दुप्पट! मी म्हटलं, बाई, शीट पातळ झालीय, वास मारतोय, चुरा थांबवा. तर म्हणालात, तू अंडी उचल, अक्कल पाजळू नकोस. अंडी आणखी घटली, तर तुम्ही आणखी चुरा ओतलात!

मालकीण : चुकलं गं. झालं गेलं विसर. घरचंच माणूस तू.

मावशी : घरच्या माणसाची पिशवी रस्त्यात उलटी करतात? पलीकडून माझी सून बघत होती. रात्री वाढताना तिनं मान वर केली नाही. मी चोर नाही, हे तिला तुमच्या तोंडून कळायला हवं.

मालकीण : सांगेन ना. सवडीनं जाईन.

मावशी : झडती घ्यायला सवड लागली नाही ती!

मालकीण : बरं बाई, आज सांगते. आत्ता येते तुझ्याबरोबर. पण काम सोडू नकोस.

मावशी : तुम्ही या. मी मात्र उद्यापासून यायची नाही.

डॉक्टर : मावशी, पाच दिवस पाण्यातून औषध द्यायचंय. तेवढं तरी...

मावशी : ते यांना समजावून सांगा, डॉक्टर. आणि बाई, मागच्या कोपऱ्यात चार-पाच जणी पंख पाडून बसल्यात. बाकीच्या त्यांना पाण्यापाशी येऊ देत नाहीत. त्यांना वाटीनं पाजा. घाई करू नका, ठसका लागतो त्यांना.