न कापलेला धडा

शिवणकाम करणाऱ्या मावशी दाताच्या दवाखान्यात गाल धरून बसल्या होत्या. शेजारी दोन शिक्षिकांचं बोलणं रंगलं होतं.

"अगं, धडा रेकॉर्ड करताना फळ्यावर अपूर्णांकाचं गणितच चुकलं माझं. 'अगं बाई, हे काय केलं मी!' म्हणून पुसलं आणि परत सोडवलं."

"मग तेवढं कापायचं ना!"

"कापलं की! पण घाईत न कापलेलाच धडा गेला अख्ख्या वर्गाच्या मोबाइलवर."

"अरे देवा! आणि मोठ्या बाई?"

"त्यांनी बोलावूनच घेतलं मला. म्हणाल्या, मुलं कुठला भाग परत परत बघतात ते कॉम्प्युटरवर कळतं. बघते तर मी चुकले तोच भाग!"

"टिंगल करत असतील कार्टी."

"मलाही तेच वाटलं. पण आज ती शेवटच्या बाकावरची, वर्षभर तोंड न उघडलेली पोरगी, आपणहून फळ्यापाशी गणित सोडवायला आली. निम्म्यात अडली आणि माझ्याच सुरात म्हणाली, 'अगं बाई, हे काय केलं मी!'"

"वर्ग हसला असेल."

"तीसुद्धा हसली. पुसलं आणि परत लिहायला लागली."

आतून मावशींच्या नावाचा पुकारा झाला. त्या दारापर्यंत गेल्या आणि मागे वळल्या.

"अहो बाई, आलं का हो तिचं उत्तर?"

"आलं की!"

"मग जाते आता," म्हणत मावशी आत गेल्या.