शिंपीकाकांच्या कुंड्या

डायलिसिसच्या बाकावर माझ्याशेजारी दोघं बसले होते, चार वर्षं येणारे शिंपीकाका आणि नुकताच येऊ लागलेला एक ड्रायव्हर.

“दिवसाला एकच लिटर पाणी! काका, कसं निभावता हो?”

“गच्चीवर बाग केलीय.”

“मी पाण्याचं विचारतोय.”

“तेच सांगतोय. बायकोनं गुलाबाची कुंडी आणली. मला तहान लागली की तिला पाणी घालायचो. माती गटागटा प्यायची, बघून बरं वाटायचं. पंधरवड्यात मुळं कुजली.”

“अरेरे!”

“दुसरीही गेली. मग कळलं, एका कुंडीवर भागायचं नाही. महिन्याला एकेक वाढवत गेलो. आता फुलं येतात, बायको खूश आहे.”

“किती झाल्या?”

“एकोणतीस.”

“पुरतात?”

“उन्हाळ्यात कमी पडतात.”