मालीचा रंग

माझ्या थापा अम्फावाच्या तरंगत्या बाजारात प्रसिद्ध आहेत, पण हे मात्र जनावरांच्या कालव्याकाठच्या दवाखान्याच्या रांगेत खरोखर ऐकलेलं. समोर सासू-सून बसल्या होत्या आणि टोपलीत निळ्या डोळ्यांची, शिडशिडीत सयामी मांजर.

"माझी माली मोगऱ्यासारखी गोरी, फक्त कान-तोंड काळं. ही कॉफी सांडलेली कुणाची आणलीस, रुंगनापा? हरवलंस ना तिला?"

"मालीच आहे, आई. तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनपायी दोन महिने बँकॉकला आमच्या एसीत राहिली. गारव्यानं या जातीचा रंग गडद होतो. डॉक्टरांनाच विचारा."

"मग तू कशी नाही काळवंडलीस?"

"शेपटीची गाठ तरी बघा."

"गाठ निम्म्या गावातल्या मांजरांना आहे. माझी माली बोलायची. ही मुकी."

"रुसलीय. एकदा हाक तर मारा."

"माली? कुठं होतीस गं इतके दिवस?"

मांजरानं जे तोंड सोडलं, ते ऐकायला कालव्यातल्या तीन होड्या थांबल्या.

"पुरे गं बाई, तुला लांब पाठवलं, चुकलं माझं. आणि रुंगनापा, तुझंही काही साचलं असेल तर बोलून टाक."

"आधी मालीचा नंबर होऊ दे, आई. मग माझा."