लोणखेड्याची खोली

घरून काम म्हणजे मजा, असं म्हणणाऱ्याला एकदा आमच्या कळसाडीला पाठवा. कंपनी पुण्याची, ऑफिस आमची माडी. एकदा मीटिंगमध्ये मी साहेबांशी बोलतोय आणि खालून आई ओरडली, "घरमाच शे ना तू? मंग जाय, दळण लई ये!" सगळे खो खो हसले.

मी चिडलो आणि जवळच्या लोणखेड्यात मित्राच्या दुकानामागची खोली कामासाठी धरली. पहिल्याच संध्याकाळी घरी आलो, तर आई ओट्यावर वाट पाहत बसलेली. म्हणाली, "थकी गया व्हशी ना भाऊ? बस, चहा ठेवस."

माडीवरून मी रोज असाच थकून उतरायचो. तेव्हा कोणी विचारलं नव्हतं.

त्या खोलीत नेट धड चालत नाही. तरी रोज जातो. घरी परत यायला मिळतं.